बोर्डावर मेलेली आई

माझ्या मुलीच्या दप्तरात एके दिवशी दुसऱ्याच घरचा डबा निघाला. चपटा, स्टीलचा, झाकणावर कमळ कोरलेलं, आणि आत दोन गुळाच्या पोळ्या, तुपानं माखलेल्या. मी पोळीभाजी केंद्रात दिवसभर पोळ्या लाटते, कोथरूडमधल्या कितीतरी घरांत माझ्या हातची पोळी जाते, आणि माझ्याच पोरीला बाहेरून पोळी यायला लागली.

"कोणी दिल्या?"

"मैत्रिणीच्या आईनं."

"का?"

"असंच."

असंच कोणी एवढं तूप लावत नाही. मी तिच्याकडं बघत राहिले तशी ती म्हणाली, "परवा शिरा दिला होता. तो मी तिथंच खाल्ला."

आम्ही राहतो धायरीला. घरात सासूबाई, हे, मी आणि ही एकटी पोर, तेव्हा सातवीत होती. हे टेम्पो चालवतात. माझं काम कोथरूडला म्हणून तिची शाळा पण कोथरूडला घातली, जाताना येताना बसमध्ये सोबत होते. शाळा सुटली की ती एका रिटायर झालेल्या बाईंच्या क्लासला जाते, एका सोसायटीत तळमजल्यावर त्यांचा हॉल आहे तिथं. माझं काम संपलं की मी तिला तिथून घेते आणि आम्ही बस पकडतो. माझी शाळा आठवीनंतर सुटली. त्यामुळं क्लासमध्ये काय शिकवतात ते मी कधी विचारलं नाही. विचारायचं धाडसच झालं नाही म्हणा.

दुसऱ्या दिवशी डबा घासून पिशवीत टाकला आणि क्लासच्या फाटकाशी उभी राहिले. मुलीनं लांबून दाखवली ती बाई स्कूटीवर होती, हेल्मेट काढत होती. मी जवळ गेले, मुलीचं नाव सांगितलं. ती एकदम हळवीच झाली.

"तुम्ही तिच्या मावशी का?"

"मी आई."

तिनं मला वरून खाली बघितलं. मग आवाज बारीक करून म्हणाली, "अच्छा, म्हणजे... नवीन?"

"नाही," मी म्हटलं, "जुनीच."

तिच्या तोंडावरचा रंगच गेला. "अहो पण ते बोर्डावर लावलंय," एवढंच म्हणाली, पोरीला मागं बसवलं आणि निघून गेली. डबा माझ्या पिशवीतच राहिला.

मी तशीच आत गेले. हॉलच्या दाराशी हिरव्या कापडाचा बोर्ड आहे, त्यावर मुलांचे निवडक निबंध टाचणीनं लावतात. मधोमध माझ्या पोरीचं अक्षर. मी तिचं अक्षर लांबूनही ओळखते, तिचा ळ पोटात फुगलेला असतो. वर लिहिलं होतं, 'माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग'. मी वाचायला लागले. मला वाचायला वेळ लागतो, मनातल्या मनात ओठ हलतात, मागं पोरं उभी होती तरी मी वाचलं. तो काळाकुट्ट दिवस आठवला की आजही अंगावर शहारे येतात. आकाश जणू रडत होते. मी आईला घट्ट मिठी मारली, परंतु क्रूर काळाने माझ्या डोक्यावरचे मायेचे छत्र हिरावून नेले. आणि खाली, वेगळ्या ओळीवर, तात्पर्य: आई आहे तोवर तिची किंमत जाणा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्याच्या मागोमाग भीती आली, ती थेट छातीत. मला दमा आहे. पीठ उडतं, तव्याचा धूर असतो, छाती आवळते, मग पंप ओढायचा आणि परत लाटायला लागायचं. माझी रोजची भीतीच ती आहे, की एक दिवस पंप असून श्वास यायचा नाही आणि पोर एकटी पडेल. ती भीती मी कधी कोणाला बोलून दाखवली नव्हती. आणि इथं ती लिहून, टाचण्या मारून, सगळ्यांना वाचायला लावली होती.

तो प्रसंग घडला होता. खोटं तेवढं नव्हतं. पण तो असा घडला होता.

आदल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, बसमध्ये राजाराम पुलाच्या अलीकडं माझी छाती भरली. पंप दाबला तर नुसती हवा, संपलेला. गर्दी होती, मी दांडीला लटकून वाकले, तोंडातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. पोर कंडक्टरला म्हणाली, "गाडी थांबवा, आईला उतरायचंय." तो म्हणाला, पुलावर स्टॉप नाही. ती परत म्हणाली. त्यानं तिकीट फाडणं चालू ठेवलं. मग पोर सीटवर चढली, घंटेची दोरी धरली आणि ओढत सुटली, टण, टण, टण. ड्रायव्हरनं शिव्या देत ब्रेक मारला. उतरताना माझी एक चप्पल गाडीतच राहिली. तिनं मला कठड्याशी बसवलं, कोपरं गुडघ्यावर टेकवायला लावली, कारण मी तशीच बसते हे तिनं घरी बघितलेलं. रिक्षा थांबवली. रिक्षावाला म्हणाला, कुठं? तिला कुठं माहीत. ती म्हणाली, "जिथं ऑक्सिजन आहे तिथं." कर्वेनगरात एका दवाखान्यात त्यानं सोडलं. तिथली नर्स म्हणाली, "सोबत मोठं कोण आहे?" पोर म्हणाली, "मीच." मला वाफ दिली, मी बसले तशीच तासभर, श्वास आला. दोन दिवसांनी ही पोर माझं न ऐकता डेपोत जाऊन माझी चप्पल शोधून घेऊन आली.

हे झालं होतं. आणि बोर्डावर आकाश रडत होतं. कसलं आकाश रडतंय, मे महिना होता.

बसमध्ये बसल्यावर मी तिला म्हटलं, "मला मारलंस?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी आधी सगळं खरं लिहिलं होतं. घंटा, चप्पल, सगळं. बाई म्हणाल्या, आई वाचली तर मग यात अविस्मरणीय काय? म्हणाल्या, याला शेवट नाही."

"मग?"

"मग काय. सगळ्यांनी कोणाला ना कोणाला मारलंय. कोणी आजोबा, कोणी कुत्रा. एकानं दोन्ही आज्या मारल्या. एकाच प्रसंगात." आणि मग हळूच, "माझा निवडलाय. कार्यक्रमात स्टेजवर वाचायचाय. पाठ करून."

पुढच्या महिन्यात क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता. हॉल भाड्यानं घेणार, पालक येणार, बक्षीस देणार. तिला आजवर कशातच निवडलेलं नव्हतं. हे तिच्या आवाजात होतं, आणि मला त्याचाही राग आला.

घरी सांगितलं तर सासूबाईंना आनंदच झाला. "आगं, मेल्याची बातमी उठली की मान्साचं आयुष्य वाढतं. बरं झालं, वाढलं तुजं." आणि खरंच उठून रवा भाजायला घेतला. म्हणजे मेले म्हणून बाहेर शिरा आणि मेले म्हणून घरातही शिरा. हे जेवता जेवता हसले. म्हणाले, "गोष्ट हाय ती. गोष्टीत मेलीस, घरात आहेस की."

घरात होते, तेच तर. घरात ती रोज पाठ करायची. कपाटाच्या आरशासमोर उभी राहून. मी मागं कणीक मळायचे आणि ती म्हणायची, "क्रूर काळाने." मग थांबायची. "नाही, इथं आवाज कापायला पाहिजे." परत, "क्रूर काळाने." बाईंनी तिला शिकवलेलं कुठं थांबायचं, कुठं खाली बघायचं. पहिल्या दिवशी तिला हसू यायचं. मग येईना. मग एक दिवस डोळ्यांत खरंच पाणी आणता यायला लागलं, तर धावत येऊन मला दाखवलं, "आई बघ, आलं." माझे हात कणकेत, मी काय बघू? रोज थोडी थोडी मी जास्त चांगली मरत होते. मला वाटायला लागलं, हे मरण पाठ होत होत खरं होणार. बोलण्यासारखी गोष्ट नाही ही, कोणी हसेल. पण पंपाचे फवारे मी मोजून घ्यायला लागले आणि नवा पंप जुना संपायच्या आत आणून ठेवला.

मी लहान असताना आमच्या शाळेत गुरुजी फळ्यावर मुद्दे लिहून द्यायचे. एक राजा, जंगल, तहान, म्हातारीचं खोपटं, पश्चात्ताप. त्यावरून गोष्ट लिहायची, नाव द्यायचं आणि खाली तात्पर्य. मी गोष्ट लिहायचे. म्हातारीनं राजाला कसल्या भांड्यात पाणी दिलं, तिच्या शेळीनं राजाच्या शेल्याचं टोक कसं खाल्लं, सगळं. तात्पर्य मला कधी जमलं नाही. गुरुजी म्हणायचे, शेळी कुठून आणलीस? मुद्द्यांत शेळी आहे का? आणि मार्क कापायचे. तो राग माझ्या पोटात इतकी वर्षं होता हे मला बोर्ड बघेपर्यंत माहीत नव्हतं.

शेवटी एक दिवस मी कामावरून लवकर निघाले आणि बाईंकडं गेले. बाई पेठेतल्या, बारीक, इस्त्रीची कॉटनची साडी, चष्मा दोरीला. बोलतात थोडं आणि ते लागतं. मी चालत गेले होते, चिडले होते, घाबरले होते, तोंड उघडलं तर आधी धापच.

"बसा आधी," बाई म्हणाल्या. "पंप आणलाय ना?" पंखा वाढवला, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "बोला."

"माझ्या मुलीला ते स्टेजवर वाचायला लावू नका."

"का? उत्तम वाचते."

"मी मेलेली नाही."

"ते दिसतंय," बाई म्हणाल्या. "अहो, ती कथा आहे. पालकांना एवढं कळतं."

"कळत नाही. मला डबे येतायत."

बाईंनी चष्मा सारखा केला. बहुतेक हसू दाबलं. मग मास्तरकीच्या आवाजात सांगायला लागल्या. परीक्षकापुढं पेपरांचा गठ्ठा असतो. तो दोन ओळी वाचतो आणि शेवट वाचतो. शेवट काळजाला भिडला तर मार्क. सुरुवात, मध्य, शेवट, तात्पर्य, असं बसवून दिलं की कच्चं पोर पण पास होतं. "मी गेली कित्येक वर्षं हेच करतेय. माझी एकही मुलगी मराठीत नापास झालेली नाही. तुम्हाला नापास झालेली चालेल का?"

मला नापास होणं माहीत आहे. पण राग काही उतरेना. मी म्हटलं, "तिनं घंटा वाजवली ते का काढलं?"

"पाल्हाळ होता."

"रिक्षावाल्याला ऑक्सिजन म्हणाली ते?"

"तेही."

"बाई, त्या दिवशी सगळं तिनं केलं. मी नुसती वाकून बसले होते. आणि तुमच्या त्याच्यात ती काय करते? मिठी मारते आणि रडते. माझं राहू द्या, मी मेले तर मेले, पण ती कुठं गेली त्याच्यातून?" इथं माझा श्वास संपला, पुढचं बोलता येईना, मी पंप ओढला आणि बाईंच्या समोर ओशाळी होऊन बसले.

बाईंनी चष्मा पुसला. पटलं असं काही तोंडावर दिसलं नाही. म्हणाल्या, "तिला बदलायचं असेल तर तिनं बदलावं. तुम्ही नाही, मी नाही. मी ऐकीन. बरं नसलं तर नाव कापून दुसरीचं घालीन. वेळ तीन मिनिटं, घंटा वाजली की खाली." आणि मी उठताना, "बोर्डावरचं कार्यक्रमानंतर निघेल. आत्ता निघणार नाही. तुम्ही सावकाश जा."

मी पोरीला सांगितलं आणि ती माझ्यावरच उसळली. घरात, सासूबाईंसमोर. "तू कशाला गेलीस? तुला काय कळतं निबंधातलं? मी खरं लिहिलं तर कोणी बोर्डावर लावत नाही. मरणाचं लिहिलं तर लावतात. मी काय करू?" मी भाकरी थापत होते. थापतच राहिले. मग ती एकदम म्हणाली, "आणि ते काय सगळं खोटं नाहीये. मला वाटलंच होतं तू मेलीस."

"कधी?"

"रिक्षात. तुझी मान माझ्यावर पडली आणि तुझा आवाज बंद झाला. शिट्टी बंद झाली. मला वाटलं गेली."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. इतके महिने झाले, आम्ही रोज एका बाकावर बसून त्याच पुलावरून जातो, आणि हे मी तिला विचारलं नव्हतं. दवाखान्यातून आल्यावर सगळ्यांनी मला विचारलं, आता कसं वाटतंय. तिला कोणी विचारलं नाही. बाईंनी विचारलं नाही, ते ठीक, मी पण विचारलं नाही. राग कोणावर काढावा तेच कळेना.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय?"

"मान पडल्यावर तू काय केलंस?"

"रिक्षावाल्याला सांगितलं नाही."

"का?"

"सांगितलं असतं तर त्यानं सावकाश चालवली असती. मेलेल्या माणसाला काय घाई."

सासूबाई म्हणाल्या, "आगं बया." मी भाकरी उलटली.

"मग?"

"मग मी तुझं तोंड पदरानं झाकलं नाही. मावशीच्या सासऱ्यांचं झाकलेलं मी बघितलं होतं. मी म्हटलं झाकायचं नाही. नंतर खड्डा आला आणि तू खोकलीस."

"मग?"

असं चाललं. मला दुसरं काही शिकवता येत नाही. सुरुवात, मध्य मला माहीत नाही. मला फक्त 'मग' विचारता येतं. त्या आठवड्यात मी ते बसमध्ये विचारलं, ओट्याशी विचारलं, ती चिडायची, म्हणायची सांगितलं ना, मी म्हणायचे, नाही सांगितलंस, चप्पल कोणत्या पायातली? कंडक्टर ती देताना काय म्हणाला? तिला आठवायचं. एकदा तिनं सांगितलेलं मी चुकीचं ठरवायला गेले, म्हटलं मी तेव्हा खोकले नव्हते, तर म्हणाली, "तुला काय माहीत, तू मेली होतीस." आणि आम्ही दोघी हसलो, भर बसमध्ये. लिहिलं तिनंच. मी शब्दसुद्धा सुचवला नाही, मला सुचतही नाहीत.

बाईंनी नवं वाचलं आणि म्हणाल्या, "शीर्षक नाही. तात्पर्य नाही." मग परत पहिल्यापासून वाचलं. "बरं. वाच."

कार्यक्रमाला मी नवी साडी नेसले, पिशवीत पंप आणि तो कमळाचा डबा. स्कूटीवाली बाई पुढच्या रांगेत होती, माझ्याकडं बघून तिनं मान खाली घातली. आधी दोन आज्यांचा मुलगा वाचून गेला. हॉलमध्ये रुमाल निघाले. त्याची एक आजी तिथंच बसली होती, ती पण रडत होती. मग माझी पोर. आवाज कापत नव्हता, तिला कापवायचा नव्हताच. बस, दोरी, टण टण, तिथं एक गृहस्थ हसले. कठडा. रिक्षा. जिथं ऑक्सिजन आहे तिथं. मग मान पडली. मग ती म्हणाली, "मला वाटलं माझी आई मेली."

आणि बाईंनी घंटा वाजवली. वेळ संपली.

मागून टाळ्या सुरू झाल्या, हळहळीच्या असतात तशा, कोणीतरी 'अरेरे' म्हणालं. मी गार पडले. परत मेले. आता तर तात्पर्य पण नाही. मला उठून ओरडायचं होतं आणि माझ्या छातीत आवाजच नव्हता.

पोर हलली नाही. तिनं घंटेकडं बघितलं. बाईंनी परत वाजवली, जरा जोरात. ती म्हणाली, "बाई, आई अजून रिक्षात आहे."

हॉल हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं, घंटा टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला.

तिनं पुढचं सगळं वाचलं. न झाकलेलं तोंड, खड्डा, खोकला, नर्स, मीच. चपलेवर थांबली. नमस्कार केला आणि उतरली. टाळ्या झाल्या, फार नाही. रुमाल कोणाचा निघाला नाही. बक्षीस दोन आज्यांना मिळालं. हिला नाही, कारण वेळ ओलांडली, तसा नियम आहे, बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांनी माइकवरून सांगितलं. वर म्हणाले, या मुलीच्या प्रसंगाचं तात्पर्य असं, की संकटात धीर सोडू नये. तिनं तोंड वाकडं केलं ते मी लांबून बघितलं. मला त्या पाहुण्यांचा राग आला, नियमाचा आला, अजून येतो. बाई येऊन एवढंच म्हणाल्या, "सोमवारी बोर्डावरचं काढते. नवीन स्वच्छ अक्षरात लिहून आणायला सांगा."

जिन्यात ती स्कूटीवाली बाई भेटली. मी तिचा डबा दिला. रिकामा नाही दिला, आमच्यात देत नाहीत, सकाळी उठून गुळाच्या पोळ्या केल्या होत्या. तिनं झाकण उघडलं, वास घेतला.

"तुम्ही केल्यात?"

"हो. मीच."

ती काहीतरी चांगलं बोलायला बघत होती, जमेना. मग तिची नजर खाली गेली आणि तिनं विचारलं, "ती चप्पल... कोणती हो? हीच का?"

मी साडी जरा वर धरून डावा पाय पुढं केला.